तोंड स्वतःचंच पाहिजे

नाक झालं होतं हो! तुम्हाला सांगतो, नाक अगदी पास झालं होतं, नातीनं बघितलं, बायकोनं बघितलं, दोघी बोलल्या की हेच ते, हेच ते घोरणारं नाक... आणि मी नुसता कान जरा मोठा करायला गेलो तर नाक गेलं! गेलं म्हणजे कुठे? कपाळावर गेलं! आता कपाळावर नाक घेऊन मी त्याच्यासमोर उभा कसा राहू? हसू नका. तुम्ही, तिसऱ्या रांगेतले, पांढरा शर्ट, तुम्ही तर अजिबात हसू नका, तुमचे कान मी आल्यापासून बघतोय, तुमचं तोंड करायला बसलो तर मला सहा महिने लागतील!

मी बुधाजी. पनवेलात उरण नाक्याच्या अलीकडे आमचं केशकर्तनालय. होतं. आता मुलगा बसतो तिथे, त्यानं पाटीवर 'युनिसेक्स' लिहिलंय आणि मला बोलला, बाबा, तुम्ही आता आराम करा. म्हणजे काय ते समजलं ना? वय एक्काहत्तर. पंचेचाळीस वर्षं दाढ्या केल्या. शाळा सातवीत सुटली, मी शाळा सोडली की शाळेनं मला यावर घरात अजून वाद आहे. पण तोंड म्हणाल तर पनवेलातलं एकेक तोंड मला पाठ. कुणाची हनुवटी कुठे खोल, कुणाच्या मानेवर कुठे फोड, डोळे मिटून वस्तरा फिरवीन. आणि त्याच माणसाला स्वतःचं तोंड करता येईना. एक महिना! रडायची वेळ आली हो माझ्यावर. कशासाठी? तर अट. अट एकच... तोंड स्वतःचं पाहिजे!

अट घातली एफ्राइमनं. एफ्राइम म्हणजे आपल्या बाजारपेठेतला, बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध, पोस्टात हेडक्लार्क. चौथीपर्यंत एका बाकावर होतो. पुढे दर शुक्रवारी दुपारी, त्यांचा साबाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, लागायच्या आधी, हा माझ्या खुर्चीत दाढीला हजर. सव्वीस वर्षं! एक शुक्रवार चुकला नाय. मग मुलांच्या मागे गेला तिकडे इस्राएलला. जायच्या दिवशी खुर्चीत बसला तर मी त्याची अर्धीच मिशी कापली आणि बोललो, उरलेली परत आलास की कापीन! विमानात अर्ध्या मिशीनं बसला तो. पण हसला. तेव्हा हसायचा माझ्यावर...

मग मी मेलो.

म्हणजे मेलो नाय, दिसतोय ना तुमच्यासमोर! सव्वादोन वर्षांपूर्वी मला दुर्बुद्धी झाली. खरं सांगू? मला ऐकायचं होतं, आपण गेल्यावर लोक काय बोलतात. तुम्हाला नाय वाटत असं कधी? वाटतं. पण तुम्ही सभ्य माणसं, गप्प बसता. मी माझ्या फोटोला झेंडूचा हार घातला, दोन उदबत्त्या लावल्या, मोबाइलवर काढला आणि जुन्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर माझ्याच फोनवरून, मुलाच्या नावानं टाकला, 'आमचे वडील आज सकाळी देवाघरी गेले.' दहा मिनिटांत चाळीस श्रद्धांजल्या! एकानं तर घाईत शुभ सकाळचं गुलाब पाठवलं. एक बोलला, माणूस वात्रट होता पण हात हलका होता. मी इकडे पोट धरून हसतोय. तासाभरानं मीच लिहिलं, 'मंडळी, मी वाचतोय बरं का!' मग काय शिव्या पडल्या, वा! एकाहून एक! अजून जपून ठेवल्यात.

पण एफ्राइमनं पहिला निरोप वाचला आणि फोन बंद करून कपाटात ठेवला. दुसरा वाचलाच नाय. त्यांच्यात कोणी गेलं की सात दिवस जमिनीवर बसतात, दाढी नाय, आरसा झाकायचा. तेही रक्ताच्या माणसासाठी, बाप, भाऊ, मुलगा. मित्रासाठी बसायचं नसतं. हा बसला. रीतीप्रमाणे अंगातला शर्ट फाडला. आठव्या दिवशी त्यानं फोन काढला आणि आमच्या हौसेचं, म्हणजे माझ्या बायकोचं, सांत्वन करायला घरी लावला, आणि उचलला कोणी? मी! तोंडात वडा, 'हॅलो, कोण बोलतंय?'

तो हळू बोलला, "बुध्या, तू आज मेलास." आणि फोन ठेवला.

दोन वर्षं! नंबर बंद केलेला, पत्र टाकलं तर परत आलं, वर 'घेतले नाही' असा शेरा. पोस्टातला माणूस ना, त्याला सगळ्या खाचाखोचा माहीत! मी नातीकडून फोटो पाठवले, तर निरोप आला की फोटोवर माझा विश्वास उडालाय. व्हिडिओवर बोलू? तर हल्ली व्हिडिओत मेलेली माणसंसुद्धा बोलतात. चोहीकडून दार बंद. हौसा बोलायची, "आता गप बसा. त्या मानसाचा जीव दुखवला तुमी. हसायचं बी काय पथ्य हाय का नाय?" ती चिरनेरची, तिकडची माणसं एकदा बोलली की विषय संपतो.

आता ह्यात खेळ कुठून आला? तर आमची नात समृद्धी आणि त्याची नात नोआ, ह्या दोघी आजोबांच्या भांडणात पडल्या नाहीत, त्यांची आपली मैत्री चालू. दोघी कॉम्प्युटरवर एक खेळ खेळतात. तलवारी, घोडे, डोंगर, राक्षस, आणि आपण त्यात एक माणूस व्हायचं. त्याचं नाव आपण ठेवायचं, तोंड आपण करायचं, आणि मग तो माणूस घेऊन त्या राज्यात फिरायचं. हेडफोन लावला की पलीकडचा बोललेलं ऐकू पण येतं. एफ्राइमचा गुडघा बदलला, घरात बसून कंटाळला, तर नोआनं त्याला तो खेळ लावून दिला. तिनं त्याला पटवलं आणि समृद्धीनं मला निरोप दिला.

"आजोबा, ते भेटायला तयार आहेत. गेममध्ये. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी, आपल्याकडचे सहा, नदीच्या पुलावर. पण एक अट आहे."

"बोल."

"तुम्ही स्वतःच्या चेहऱ्यानं यायचं. आणि तो चेहरा तुम्ही स्वतः घडवायचा, मी नाही. ते बोलले, फोटो चिकटवायला दोन मिनिटं लागतात. हातानं तोंड करायचं तर माणसाला स्वतःकडे नीट बघावं लागतं. एकदा बघू दे त्याला. आणि दुसरंच कुठलं तोंड घेऊन आलात तर ते गेम बंद करणार. कायमचा."

ऐकलंत? पंचेचाळीस वर्षं आरसा पुसणाऱ्या माणसाला सांगतो, स्वतःकडे बघ! पण लागलं हो मला ते. बोललो, ठीक आहे एफ्रा. तोंड स्वतःचं पाहिजे? करतो!

बसलो. खेळ उघडला. माणूस घडवायचं पान आलं, आणि तुम्हाला सांगतो, तो पहिला माणूस बघून मी उठूनच उभा राहिलो. काय रूप! जबडा असा, छाती अशी, केस खांद्यावर. बोललो, समृद्धी, ह्याला म्हातारा कर. तिनं 'वय' नावाची एक पट्टी दाखवली, ती शेवटपर्यंत सरकवायची. सरकवली. काय झालं? तोच देखणा माणूस, फक्त रात्री झोप लागली नसेल असा! संपलं वय! त्या राज्यात सुरकुतीच नाय. पोट नाय. गेलेला दात नाय. टक्कल म्हणून एक आहे, पण ते कसलं, गुळगुळीत, तेल लावलेल्या नारळासारखं, जन्मात कधी केसच नव्हते असं. आणि दाढ्या! आठ दाढ्या आहेत, आठही डिंकानं चिकटवल्यासारख्या, गालाच्या कडेला अशी सरळ रेघ. कुठल्या न्हाव्यानं केली ही, त्याला माझ्यासमोर आणा! मी तर कोपऱ्यातला राजा बघितला, पहारेकरी बघितले, सगळ्यांच्या माना मागून वाढलेल्या. एवढं मोठं राज्य, घोड्यांना नाल ठोकणारे बारा, आणि कैचीवाला एक नाय!

समृद्धी बोलली, "आजोबा, मॉड टाकावे लागतील."

मॉड म्हणजे काय, तर जगभर असे काही लोक आहेत की ज्यांना ह्या खेळातलं जे आवडत नाय ते घरी बसून नीट करतात आणि ज्याला हवं त्याला फुकट वाटतात. कोणी नुसत्या भुवया करतो. कोणी नुसती नखं. एकानं, मन लावून, तीनशे प्रकारच्या भुवया केल्यात! मी बोललो, अगं ही तर आपली माणसं! ह्यांना खुर्ची द्या!

पहिला मॉड, सुरकुत्या. लावला. चेहरा एकदम आमसुलासारखा झाला, मला आनंद झाला, बोललो जमलं! तेवढ्यात कॅमेरा खाली आला. मान पंचविशीतली! वर सत्तरी, खाली पंचविशी, मध्ये गळ्याभोवती ही एवढी रेघ, कोणीतरी धड एकाचं आणि डोकं दुसऱ्याचं शिवल्यासारखं. का? तर चेहऱ्याचा मॉड वेगळा, अंगाचा वेगळा. बरं, अंगाचा टाकला. आता पोट. पोटाचा मॉड मिळाला, पण त्या पोटाला खेळातला एकही सदरा बसेना, आणि बसत नाय तर तो खेळ काय करतो? सदरा काढूनच टाकतो! वरचाच नाय, सगळं! आणि नेमकी हौसा चहा घेऊन आली.

चहा ठेवला. बघितलं. बोलली, "दोन वर्सांनी दोस्ताला भेटताव, निदान टॉवेल तरी गुंडाला."

मग टॉवेलचा मॉड शोधला. आहे! जगात सगळं आहे!

नाय ते एकच. माझे केस. टकलावर डावीकडून उजवीकडे आडवे घेतलेले अकरा केस. बघा, हे असे. हे कोणाकडेच नाय. समृद्धीनं त्या भुवयावाल्याला इंग्रजीत लिहिलं, की आमच्या आजोबांना असं असं पाहिजे. त्याचं नाव काय, देश कुठला, काय माहीत नाय, नावाच्या जागी नुसते आकडे. त्याचं उत्तर आलं... विचारतो काय? 'केस कानाच्या किती वरून सुरू होतात?' तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यात पाणी आलं. हा प्रश्न कारागीरच विचारतो! मी पट्टी घेऊन मोजून कळवलं. तीन दिवसांत अकरा केस घरपोच! वाऱ्यावर हलतात पण!

मग एकूण झाले बावीस मॉड. आणि इथे खरी वाट लागली. कारण हे बावीस जण एकमेकांना ओळखत नाहीत, प्रत्येकाला वाटतं हे तोंड माझ्या एकट्याचं आहे. म्हणून ते कोणाच्या मागून कोण लावायचे ह्याला क्रम असतो. ते मला लगेच समजलं, आपलंही तसंच की! आधी साबण, मग वस्तरा, मग तुरटी. आधी तुरटी फिरवून मग कोरड्यावर वस्तरा लावून बघा, गिऱ्हाईक खुर्ची घेऊन पळेल. तर क्रम लावायला बसलो. कान वर घेतले तर नाक कपाळावर. नाक आणलं खाली तर दात गालातून बाहेर. दात आत ढकलले तर अख्खं तोंड जांभळं! उन्हातल्या पिकल्या जांभळासारखं, डोळ्यांसकट! शनिवार संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी भेट, आणि मी जांभळा! समृद्धीला बोललो, तू लाव ना गं, एवढं एक. ती बोलली, "नाही आजोबा, अट." पोरगी कोणावर गेलीय काय माहीत, इतकी सरळ! आमच्याकडे अशी पद्धत नाय.

मी उठलो, हात जोडले त्या कॉम्प्युटरला. बोललो, बाबा रे, हजार तोंडं सजवली, लग्नातले नवरे सजवले, कधी कोणाला ओरखडा काढला नाय. एक तोंड दे. राजाचं नको, देखणं नको, माझं दे. अट आहे रे, तोंड स्वतःचं पाहिजे!

रविवारी दुपारी जमलं. बावीसच्या बावीस जागेवर. आमसुली गाल, खाली पोट, कमरेला टॉवेल, वर अकरा केस, आणि शेवटी गालावरची ही चामखीळ. समृद्धी बोलली, "आजोबा, चामखीळ उलट्या गालावर आली. तुम्ही आरशात बघून लावलीत." बोललो, राहू दे. "अहो, पण चुकीची बाजू आहे!" अगं, एफ्राइमनं मला सव्वीस वर्षं बघितलंय कुठे? खुर्चीत बसून, समोरच्या आरशात! त्याच्यासाठी हाच गाल बरोबर!

सहा वाजले. हेडफोन लावला. हौसा मागे स्टूल घेऊन बसली, देवाचं नाव घेत. नदीचा पूल. मी टॉवेलवर उभा. छाती नुसती धडधडतेय, खेळातली नाय, ही. समोरून एक माणूस चालत आला... काय रूप! जबडा असा, छाती अशी, केस खांद्यावर. तो पहिला, आयता माणूस! हा एफ्राइम? सत्तरी उलटलेला, सुपासारख्या कानांचा एफ्राइम?

मी बोलायच्या आधी तोच ओरडला.

"बुध्या! लाज वाटत नाय? परत?"

"काय परत?"

"ही कंबर तुझी? हे खांद्यावर रुळणारे केस तुझे? अरे, तुझ्या टकलावर माश्या घसरायच्या! एवढंच सांगितलं होतं, स्वतःच्या तोंडानं ये. ते पण जमलं नाय तुला?"

"मी? मी टॉवेलवर उभा आहे एफ्रा, माझं पोट बघ! आणि तुझे कान कुठे आहेत? अट काय मला एकट्याला? तू कोण हा चिकणा होऊन आलास?"

"तीन आठवडे! तीन आठवडे कान घडवलेत मी, खोटारड्या! नोआ, बंद कर हे."

"एफ्रा, थांब..."

"बंद कर बोललो ना!"

समृद्धीनं कपाळावर हात मारला. बोलली, "आजोबा, मॉड आपल्या कॉम्प्युटरवर आहेत! त्यांच्याकडे नाहीतच. गेमला तुमचा चेहरा सापडत नाही, म्हणून तो त्यांना पहिलाच तयार चेहरा दाखवतोय. आणि त्यांचे कान आपल्याकडे नाहीत, म्हणून आपल्यालाही तोच!"

म्हणजे बघा! एक महिना घासून मी माझं तोंड केलं, ते दिसणार कोणाला? मला! त्यानं त्याचं केलं, ते दिसणार त्याला! आणि एकमेकांना आम्ही दिसणार दोघेही तेच ते देखणे जुळे भाऊ! हे कोणी आधी सांगायचं की नाय?

मी हे त्याला सांगितलं. तो काय बोलला माहीत आहे? "नातीला पण पढवलंस?" झालं! आयुष्यभर खोटं बोलून लोकांना हसवलं, आणि जन्मात एकदा खरं बोललो तर ते कोणी घेईना. मी त्या खांद्यावर केस रुळणाऱ्या पोराला, म्हणजे त्याला, बोललो, आणि आता हसत नव्हतो, "एफ्रा, तू सात दिवस बसलास ते नोआकडून समृद्धीला कळलं, तिनं मला सांगितलं. माझा भाऊ पण माझ्यासाठी सात दिवस बसणार नाय. मी तुझी माफी मागायला तोंड आणलंय रे. पाठवतो, तुझ्या कॉम्प्युटरवर टाक आणि बघ. मग बंद कर."

तिकडे खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. मग तो बोलला, "पाठव."

समृद्धीनं बावीस मॉड पाठवले, त्याच्यासोबत माझ्या तोंडाचा तयार साचा. नोआ ते बसवत होती. पंधरा मिनिटं. हौसेनं पदराचं टोक चावून चावून ओलं केलं. मग हेडफोनमध्ये त्याचा श्वास आला. बघत होता. मग हळूच...

"चामखीळ बरोबर लावलीस."

मी गालाला हात लावला.

"केस अकराच राहिले? मी निघालो तेव्हा चौदा होते."

मी बोललो, "तिघे गेले."

तो हसला हो! दोन वर्षांनी हसला! हौसेनं तिथूनच हात जोडले, मला वाटलं संपलं सगळं, फिटलं, आता गप्पा मारू. तो बोलला, "थांब, पाच मिनिटांत येतो." गेला. आणि पाच मिनिटांनी पुलावरून कोण आलं? मी! आमसुली गाल, पोट, टॉवेल, अकरा केस! त्यानं माझा साचा घेतला आणि स्वतःच्या माणसाला चढवला! बोललो, "एफ्रा, हे काय?"

"चल, बुरुजावर."

गेलो. उंच बुरूज, खाली खडक. माझं तोंड घेऊन तो कडेला उभा राहिला, टॉवेल नीट केला, आणि बोलला, "सात दिवस बसलोय मी बुध्या. फुकट बसलो. आता ते सात दिवस वसूल करणार." आणि मारली उडी! मी वरून बघतोय, मी खाली पडतोय, अकराच्या अकरा केस वर! खळकन आवाज! मेलो. खेळात काय, माणूस दोन मिनिटांत परत उठून येतो. परत आला. परत उडी. हौसा मागून बोलली, "बरं झालं."

सात उड्या झाल्या की फिटलं असं बोलला होता. कसलं फिटतंय! रोज संध्याकाळी सहाला बोलावतो. कान त्यानं स्वतःचे अजून घातलेलेच नाहीत, माझंच तोंड घेऊन फिरतोय. सोमवारी मला नदीत बुडवला. मंगळवारी उकळत्या कढईत. मी वरून ओरडतो, अरे हळू, तुझा गुडघा नवीन आहे, तर तो बोलतो, गुडघा माझा घरी आहे, मरतोयस तू! आणि हसतो... मोकळा हसतो, शुक्रवारच्या खुर्चीत हसायचा तसा, वस्तरा उचलून धरावा लागायचा. मधेच घरचं विचारतो, साखर किती आहे, गोळ्या घेतल्या का. मी सांगेपर्यंत थांबतो आणि परत उडी मारतो. काल निघताना बोलला, उद्या वेळेवर ये, उद्या तुला अस्वलाला घालायचंय, आणि टॉवेल घट्ट बांध.

काय बोलणार? बोलायला तोंड पाहिजे ना, ते त्याच्याकडे आहे.

चला मंडळी, निघतो मी. सहाला दहा कमी आहेत... मरायला जरा उशीर झाला तर एफ्रा ओरडतो.